स्वीडिशमधल्या लांबलचक जोडशब्दांत जोर नेमका कुठे द्यायचा? आणि मधला 'स' कधी येतो?

मीठभाकर विचारते:

नमस्कार मंडळी. आम्ही व्हेस्तेरोसला राहतो. नवऱ्याची नोकरी इथल्या विजेच्या यंत्रांच्या कंपनीत आहे. मी स्थलांतरितांसाठीच्या मोफत स्वीडिश वर्गाला, म्हणजे एसएफआयला जाते. वाचायला बऱ्यापैकी येतं, व्याकरणाचं पुस्तकही उरकत आलंय. गाडी अडते ती लांब शब्दांपाशी.

उदाहरण देते. बूस्ताद्सरेत्सफोरेनिंग, म्हणजे आपली हाउसिंग सोसायटीच. बूस्ताद म्हणजे राहतं घर, रेत म्हणजे हक्क, फोरेनिंग म्हणजे संघटना. अर्थ कळतो, पाटीवर वाचता येतो. पण फोनवर म्हटला की पलीकडून "व्हा?", म्हणजे "काय?" येतं. मी एकेक अक्षर अगदी स्वच्छ म्हणते हो! आणि आमची शेजारीण अर्धा शब्द तोंडातल्या तोंडात गिळते तरी तिचं जगाला कळतं. शिक्षिका म्हणतात, "ऐका आणि तसंच म्हणा." ऐकतेच आहे, पण नेमकं काय ऐकायचं ते कुणी सांगत नाही.

तर प्रश्न असे. पाच-सहा अक्षरांच्या अशा शब्दात जोर कुठे येतो, आणि एकदाच येतो की जास्त वेळा? दोन शब्द जोडताना मध्ये कधी 'स' येतो, कधी येत नाही, कधी पहिल्या शब्दाचं शेपूटच कापलं जातं. याला काही नियम आहे, की पाठच करायचं?

(स्वीडिश शब्द देवनागरीतच लिहिते आहे. दोन टिंबांचा 'ओ' आणि डोक्यावर वर्तुळ असलेला 'आ' या दोन्हींना मी 'ओ'च लिहिलंय. जाणकारांनी सांभाळून घ्यावं.)

---

रुळावरची:

मीठभाकर, चांगला प्रश्न काढलास बाई. नाहीतर इथे व्हिसा आणि तूरडाळ यांच्यापलीकडे कुणी काही विचारत नाही.

मी योतेबॉर्यला, म्हणजे गोथेनबर्गला, ट्राम चालवायचे. माहेर चिपळूणचं, आता निवृत्त आहे. भाषाशास्त्र वगैरे मला येत नाही, पण थांब्यांची नावं पुकारून पुकारून जीभ घासली आहे. रेकॉर्ड केलेला आवाज बंद पडला की माइकवर आम्हीच बोलायचो. गाडी गच्च भरलेली, पोरं रडतायत, बाहेर पाऊस. अशा वेळी लोक शब्द ऐकतच नाहीत, शब्दाची चाल ऐकतात. चाल बरोबर असली तर अर्धी अक्षरं खाल्लीस तरी चालतं. चाल चुकली की मग कितीही स्वच्छ बोल, "व्हा?" ठरलेलंच.

आपल्या मराठी माणसाची खोड अशी की पंगतीत वाढल्यासारखं आपण प्रत्येक अक्षराला सारखं वाढतो. बू, स्ताद्स, रेत्स, फो, रे, निंग, सगळ्यांना एकेक मूद. स्वीडिश माणसाला त्यातून सहा सुटे तुकडे ऐकू येतात आणि ते जोडायचे कसे हेच त्याला उमगत नाही. कारण त्याच्या कानाला जोडशब्द कळतो तो दोन ठोक्यांवरून. पहिला ठोका पहिल्या शब्दावर, दुसरा शेवटच्या शब्दावर. मध्ये एक शब्द असो नाहीतर चार, ठोके दोनच.

आता नीट वाच, कारण नवखी माणसं इथेच अडकतात. ठोका "पहिल्या अक्षरावर" नसतो. पहिल्या शब्दात मुळात ज्या अक्षरावर जोर असतो, त्या अक्षरावर असतो. शेवटच्या शब्दाचंही तेच. सेंत्रालस्ताशूनेन घे, योतेबॉर्यचं मुख्य रेल्वे स्टेशन. सेंत्राल हा शब्द सुटा म्हटला तर जोर "त्राल"वर येतो. स्ताशून सुटा म्हटला तर "शून"वर. शेवटचा "एन" हा नुसता प्रत्यय, त्याला काही मिळत नाही. म्हणून पाच अक्षरांत ठोके दुसऱ्या आणि चौथ्या अक्षरावर: सें-*त्राल*-स्ता-*शू*-नेन. आमच्याच गावातलं येर्नतोर्येत मात्र सरळ आहे: *येर्न*-*तोर*-येत, पहिलं आणि दुसरं. आणि कुंग्सपुर्त्सआवेन्यून, तो आमचा मोठा हमरस्ता: *कुंग्स*-पुर्त्स-आ-वे-*न्यून*, पहिलं आणि थेट पाचवं. अर्थात त्याला सगळं गाव नुसतं "आवेन्यून" म्हणतं.

तुझा शब्द आता. फोरेनिंग सुटा म्हण बघू. "फो"वर जोर नाही, तो "रे"वर आहे. बरोबर? मग:

*बू*-स्ताद्स-रेत्स-फो-*रे*-निंग

"बू"वर आवाज वरून खाली उतरू दे, आणि "बू"चा ऊ चांगला लांब ठेव, त्यात कंजुषी नको. मग "स्ताद्स-रेत्स" सपाट. त्यांची लांबी-रुंदी पूर्ण ठेवायची, फक्त सूर हलवायचा नाही. "फो" गिळलास तरी चालेल, तुझी शेजारीण तेच करत असणार. आणि "रे"वर आवाज पुन्हा चढव. "निंग" आपोआप खाली येतं.

आमच्या विश्रांतीच्या खोलीत एक जुनी ड्रायव्हर बाई होती, बोहुसलेनकडची. तिने मला हे शिकवलं ते कॉफीच्या मगावर चमचा वाजवून. पहिला ठोका टणकन. मग चमचा हवेत धरायची, आणि मधली अक्षरं संपेपर्यंत खाली आणायची नाही. शेवटच्या शब्दाचं जोरदार अक्षर आलं की दुसरा ठोका, जरा हलका. मी मध्येच कुठे जोर दिला की चमच्याकडे बोट दाखवायची, तोंडाने काही बोलायची नाही. मग खिडकीतून दिसेल त्या पाटीवर आमचा तास सुरू. तू घरी हेच कर. भिंतीवरचं सोसायटीचं पत्रक घे आणि चमचा घे.

'स'चं सांगते, पण आधी एक चहा.

---

रुळावरची:

हं, 'स'.

नियम आहे का? अर्धा आहे. उरलेलं पाठ.

अर्धा नियम असा. पहिला शब्द स्वतःच जोडशब्द असेल तर बहुतेक वेळा 'स' लागतो. व्हीन म्हणजे वाइन, ग्लास म्हणजे पेला. व्हीनग्लास, मध्ये 'स' नाही. पण रोदव्हीन म्हणजे रेड वाइन हा आधीच जोडलेला शब्द, म्हणून रोदव्हीन*स*ग्लास. तसंच व्हेग म्हणजे रस्ता. रस्त्याचं काम म्हणजे व्हेगआर्बेते, 'स' नाही. पण येर्नव्हेग म्हणजे लोहमार्ग, म्हणून येर्नव्हेग*स*स्ताशून. लिहिताना तिथे दोन 'स' येतात, घाबरू नकोस.

शिवाय काही शेपटं दिसली की 'स' जवळजवळ ठरलेलाच: -निंग, -हेत, -स्काप, -शून. तिदनिंग म्हणजे वर्तमानपत्र, त्यातला लेख तिदनिंग्सआर्तिकेल. तुम्हा आयांना बालवाडीत बोलावतात ते ऊतव्हेक्लिंग्ससामताल, मुलाच्या प्रगतीवरचं बोलणं, त्यातही ऊतव्हेक्लिंगच्या "लिंग"नंतर 'स' आलाच.

आणि 'आ'ने संपणारे शब्द हा दुसरा ताप. स्कूला म्हणजे शाळा, पण शाळेचं पुस्तक स्कूलबूक, 'आ' गेला. शिर्का म्हणजे चर्च, पण त्याच्या आवारातली दफनभूमी शिर्कोगोर्द, 'आ'चा 'ओ' झाला. गाता म्हणजे रस्ता, पण रस्त्याकडेची खाण्याची टपरी गातुशोक, 'आ'चा 'उ'. तुन्नेलबाना म्हणजे स्टॉकहोमची मेट्रो, पण तिचं स्थानक तुन्नेलबानेस्ताशून, 'आ'चा 'ए'. का? मला विचारू नकोस, इथे कुणीतरी हुशार येईलच. मी पाठ केले आणि मोकळी झाले.

लिंग, अनेकवचन, "तो"-"ते" सगळं शेवटच्या शब्दाच्या हातात. त्याची काळजी करायची नाही.

---

खडूफळा:

हुशार वगैरे नाही, पण ताईंनी बोलावलं म्हणून आलो. पुण्यात असतो, स्वीडनला कधी गेलो नाही, तिथली भाषा कागदावरूनच ओळखतो. त्यामुळे चमच्याच्या बाबतीत ताई म्हणतील ते प्रमाण.

'आ'च्या शेपटाचं कारण जुनं आहे. "गातु", "शिर्को", "व्हेको" (व्हेका म्हणजे आठवडा, व्हेकोदाग म्हणजे वार किंवा कामाचा दिवस) हे जुन्या स्वीडिशमधल्या षष्ठीच्या रूपांचे अवशेष आहेत. सुट्या शब्दांतून ती विभक्ती गेली, समासात अडकून राहिली. मराठीला हे परकं नाही. घोडा सुटा असतो तेव्हा घोडा, पण घोडदौड, घोडदळ, आणि परत घोडेस्वार. तिन्ही ठिकाणी शेपूट वेगळं, आणि आपल्याला कुणी नियम शिकवला नव्हता. आतला 'स'सुद्धा मुळात षष्ठीचाच, पण आता तो षष्ठीचं काम करत नाही, सांध्याचं करतो.

आणि ते काम मजेदार आहे. ताई म्हणाल्या ते लक्षात घ्या: ठोके दोनच, पहिल्यावर आणि शेवटच्यावर. म्हणजे तीन शब्दांचा समास असेल तर त्याचा विग्रह कुठे करायचा हे नुसत्या चालीवरून कळत नाही! बार्न म्हणजे मूल, बूक म्हणजे पुस्तक, क्लुब म्हणजे मंडळ. "बालपुस्तकांचं मंडळ" आणि "मुलांसाठीचं पुस्तक-मंडळ" या दोन्हींची चाल एकच, "बार्न"वर एक आणि "क्लुब"वर एक. पण बार्नबूक हा आधी जोडलेला असेल तर त्याला 'स' लागून बार्नबूक*स*क्लुब होतं. 'स' नसेल तर बार्न + बूकक्लुब. सूर जे सांगत नाही ते एक 'स' सांगतो. दर वेळी इतकं काटेकोर पाळलं जातं असं नाही, पण व्यवस्था सुरेख आहे.

सुरांबद्दल थोडं. स्वीडिशमध्ये शब्दाच्या दोन चाली आहेत. "आंदेन" एका चालीत म्हटलं तर "ते बदक", दुसऱ्या चालीत म्हटलं तर "तो आत्मा". मध्य स्वीडनमध्ये जोडशब्दाला जवळजवळ नेहमी दुसरी चाल मिळते, सुट्या शब्दांची आपापली चाल कुठलीही असो. लुंडचे भाषाशास्त्रज्ञ योस्ता ब्रूस यांनी १९७७ साली यावर जे काम प्रसिद्ध केलं ते आजही पायाभूत मानतात. त्यातला एक मुद्दा मीठभाकर यांच्या कामाचा आहे. पहिली उतरण शब्दाची स्वतःची असते, पण दुसरा चढ वाक्यातल्या भराचा असतो. शब्दावर वाक्याचा भर नसेल तर तो चढ बसून जातो. म्हणजे शेजारीण भरभर बोलताना "रे"वर आवाज चढवत नसेल तर ती चुकत नाही. तुम्ही मात्र सरावात चढवाच.

जाता जाता: समासात स्वर हलला की अर्थ हलतो याची आपल्याकडची गोष्ट म्हणजे इंद्रशत्रू. त्वष्ट्याला "इंद्राला मारणारा" असा तत्पुरुष हवा होता, त्याचा उदात्त शेवटी. यज्ञात तो पहिल्या अक्षरावर पडला आणि बहुव्रीही झाला, "इंद्र ज्याला मारणारा आहे असा". त्या यज्ञातून निघालेल्या वृत्राला शेवटी इंद्रानेच मारलं. सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन करण्यात एवढा धोका नाही.

---

मुक्काम_माल्मो:

वरचं सगळं मान्य, पण खाली स्कोनेत, म्हणजे स्वीडनच्या दक्षिण टोकाला आलात तर थोडं विसरा. आमच्याकडे सगळे जोडशब्द दुसऱ्या चालीत जात नाहीत, काही पहिल्या चालीतही म्हणतात, ते पहिल्या शब्दावर ठरतं. शिवाय दुसऱ्या चालीला इकडे ते दोन शिखरांचं वळण नाही. ठोक्यांच्या जागा मात्र त्याच. चमचा इकडेही चालेल, सूर वेगळा लावावा लागेल.

---

मीठभाकर:

काय लोक आहात तुम्ही! खडूफळा सर, घोडदौडीने डोक्यात लख्ख झालं.

रुळावरची ताई, दुपारभर चमचा वाजवला. मुलाने विचारलं, भूक लागली का. ऊतव्हेक्लिंग्ससामतालमध्ये मात्र अडले. सामताल हाच मुळी जोडशब्द ना, साम आणि ताल? मग दुसरा ठोका "साम"वर की "ताल"वर?

आणि अजून एक. लिहिताना काही अक्षरं गायब होतात असं वाटतं. धुलाईच्या खोलीच्या दारावर आपली वेळ नोंदवायचा तक्ता आहे, त्यावर जो शब्द आहे (त्वेत म्हणजे धुणं, तीद म्हणजे वेळ) त्यात सांध्यापाशी 'त' दोनच. त्वेतच्या शेवटी दोन, तीदच्या सुरुवातीला एक, तीन हवेत ना? कुणाची चूक?

---

रुळावरची:

चूक कुणाची नाही. एकाच व्यंजनाची तीन अक्षरं ओळीने लिहायची नाहीत असा स्वीडिशचा दंडक आहे. त्वेत + तीद, तीनाचे दोन करून टाकतात. तसंच नात्त + तोग म्हणजे रात्रीची रेल्वे, तिथेही दोनच. तुग्ग + गुम्मी म्हणजे च्युइंगगम, तिथेही. पण ओळ संपली आणि शब्द सांध्यावर तोडायची वेळ आली की गेलेलं अक्षर परत येतं: वर दोन, खाली एक.

यातून गंमती होतात. ग्लास म्हणजे काच, आणि आखूड 'आ'चा ग्लास्स म्हणजे आइसक्रीम. स्कोल म्हणजे वाडगा. काचेचा वाडगा आणि आइसक्रीमचा वाडगा, लिहिताना दोन्ही अगदी एकसारखे. म्हणताना मात्र कुणी फसत नाही. एकात पहिला स्वर लांब, दुसऱ्यात स्वर आखूड आणि 'स' लांब. स्वीडिशमध्ये ठोक्याच्या अक्षरात काहीतरी एक लांब असावंच लागतं, स्वर नाहीतर व्यंजन. आपण ऱ्हस्व-दीर्घ शाळेत शिकतो आणि बोलताना सोडून देतो, ते इथे जमत नाही. "व्हा?"चं निम्मं कारण तेच असतं असं माझं मत आहे.

माझा लाडका शब्द सांगू? बील + द्रुले. बील म्हणजे गाडी, द्रुले म्हणजे धसमुसळा माणूस. बेदरकार गाडी हाकणारा. हीच अक्षरं बिल्द + रुले अशी तोडलीस तर चित्रांची गुंडाळी. लिहून काढलं तर अक्षरशः एकच शब्द. ट्रामच्या काचेआडून मी दिवसातून कितीदा पहिला म्हटला असेल! दुसरा म्हणायची वेळ कधी आली नाही.

सामतालचं: ठोका "ताल"वर टाक. सुटा सामताल म्हणताना "साम"वर जोर असतो, पण लांब शब्दात शेवटचा तुकडा घ्यायचा. *ऊत*-व्हेक-लिंग्स-साम-*ताल*. "साम" सपाट ठेव.

---

मीठभाकर:

आणि लोक हे शब्द तोडून का लिहितात? दुकानाच्या पाट्यांवर दिसतात, मग कुणीतरी त्यांचे फोटो काढून हसतं.

---

खडूफळा:

त्याला स्वीडिशमध्ये सेरस्क्रीव्हनिंग म्हणतात, सुटं-सुटं लिहिणं. त्यावर चिडणारी माणसं आपल्याकडच्या अनुस्वारवाल्यांइतकीच कडवी असतात. चिडायला कारणही आहे. रोकफ्रीत एकत्र लिहिलं तर "धूम्रपानमुक्त". रोक फ्रीत असं तोडलं तर "खुशाल ओढा". शिकलिंगलेव्हेर म्हणजे कोंबडीच्या पिल्लाची कलेजी, आणि तोडलं की "पिल्लू जिवंत आहे". कासापेर्सूनाल म्हणजे गल्ल्यावरचे कर्मचारी, तोडलं तर "भिकार कर्मचारी". सगळ्यात प्रसिद्ध बहुधा शूकशोतेर्शका, म्हणजे परिचारिका. तोडली की परिचारिका स्वतःच आजारी.

इथे मात्र चाल पूर्ण मदत करते, हे लक्षात घ्या. तीन शब्दांतला सांधा कुठे आहे हे चाल सांगत नाही, पण जोडशब्द आहे की सुटे शब्द आहेत हे ती लगेच सांगते. जोडशब्दात पहिल्यावर उतरण आणि शेवटच्यावर चढ, अशी एकच ओढ. सुट्या शब्दांत प्रत्येकाचा आपला वेगळा जोर. म्हणून तोंडाने ही चूक कुणी स्वीडिश माणूस करत नाही, फक्त हाताने करतो.

---

दगडीचाळ:

हे सगळं ठीक, पण सर्वात लांब शब्द कुठला ते सांगा की राव.

---

खडूफळा:

गिनीजमध्ये नोंदलेला, लिहिताना १३० अक्षरांचा आहे. उत्तर बाल्टिकच्या किनारी तोफखान्यापासून सुरू होतो, विमानटेहळणीच्या सिम्युलेटरची देखभाल वगैरे करत "चर्चेतल्या भाषणांची पूर्वतयारी" इथे संपतो. तो नोंदीसाठीच घडवलेला दिसतो, कुणी वापरत नसणार. स्वीडिश अकादमीच्या शब्दयादीतला सर्वात लांब म्हणून दाखवतात तो २८ अक्षरांचा, आणि तो खरा रोजगारी शब्द आहे: रेआलिसाशून्सव्हिन्स्तबेस्कात्निंग. मालमत्ता विकून झालेल्या नफ्यावरची करआकारणी. उच्चारात नऊ अक्षरं, ठोके पाचव्या ("शून्स") आणि आठव्या ("स्कात") अक्षरावर, कारण बेस्कात्निंगमध्ये "बे"वर जोर नसतो. उप्सालाच्या उनिवेर्सितेत्सबिब्लिओतेकमध्येही, म्हणजे जिथे चांदीच्या शाईचं गॉथिक बायबल ठेवलंय त्या विद्यापीठ ग्रंथालयात, नऊच अक्षरं. तिथे ठोके पाचव्या आणि नवव्यावर.

---

रुळावरची:

आमच्या डेपोत लांब शब्द म्हणजे एकच, होगेरत्राफीकओमलेगनिंगेन. ३ सप्टेंबर १९६७ ला अख्खा देश डाव्या बाजूने चालायचा तो उजव्या बाजूने चालायला लागला, तो बदल. मी तेव्हा इथे नव्हते, पण जुने ड्रायव्हर त्याच्या गोष्टी सांगायचे. स्टॉकहोमने त्या वेळी जवळजवळ सगळ्या ट्रामगाड्या मोडीत काढल्या. योतेबॉर्यने ठेवल्या, म्हणून माझं पोट भरलं. आमच्याकडे घोड्यांची ट्राम १८७९ पासून आणि विजेची १९०२ पासून. सात-आठ अक्षरांचा शब्द आणि म्हातारे तो एका दमात म्हणायचे. तरुण पोरं नुसतं "होगेर" म्हणून मोकळी व्हायची. एवढा मोठा शब्द खरंतर कागदावरच राहतो, बोलताना माणूस त्याचं शेपूट नाहीतर डोकं तोडतो. सोसायटीलाही सगळे पुढे नुसतं "फोरेनिंगेन"च म्हणतात, मीठभाकर. पहिल्यांदा पूर्ण म्हण, मग तूही तोड.

---

थंडगार_तुर्कू:

फिनलंडमधून एक ओळ. इथले स्वीडिश बोलणारे ते सूर लावतच नाहीत. दोन्ही "आंदेन" एकाच चालीत, बदक की आत्मा ते संदर्भावरून. जोराच्या जागा तेवढ्या सांभाळायच्या. ज्याला सूर अजिबात जमणार नाहीत त्याने तुर्कूला यावं, घरं बऱ्यापैकी स्वस्त आहेत.

---

मीठभाकर:

थंडगार, नवऱ्याला विचारून सांगते!

आज सोसायटीत फोन केला. "बू"वर उतरले, "रे"वर चढले, आणि समोरच्या बाईंनी थेट फ्लॅट नंबर विचारला. आता शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. आमचं गाव व्हेस्तेरोस. हाही जोडशब्दच ना? पण सगळे जोर "रोस"वर देतात, एकाच ठिकाणी, आणि "व्हेस" अगदी हलका. नियमात बसत नाही.

---

रुळावरची:

नाही बसत. गावांची कितीतरी नावं कधीकाळी जोडशब्द होती, पण वापरून वापरून सांधा बुजला आणि जोर शेवटी जाऊन बसला. माझंही तेच, योते-*बॉर्य*, एकच ठोका. हेल्सिंग-*बॉर्य*, ओस्तेर-*सुंद*, कार्ल्स-*क्रू*ना, व्हेस्ते-*रोस*. आणि स्टॉकहोमला ते लागू नाही. नावांना नियम लावत बसू नकोस, गावकऱ्यांकडून ऐकायचं.

पण त्या नावापुढे दुसरा शब्द जोडलास की तो परत नियमात येतो. आमचं वर्तमानपत्र योते-*बॉर्य्स*-*पोस*-तेन. आणि तुमच्याकडची ती व्हिनेगर-बडीशेपीच्या पाल्यातली काकडी, जिच्यावरून तुमच्या गावाला काकड्यांचं गाव म्हणतात, ती व्हेस्तेरोसगुर्का. पाच अक्षरं, ठोके तिसऱ्या आणि चौथ्यावर, लागोपाठ: व्हेस-ते-*रोस*-*गुर*-का. चमचा हवेत धरायला मध्ये जागाच नाही. तो आधी जमव, बरणी घेऊन ये, आणि रोदव्हीन्सग्लासचा सराव मग करू.